चंदूच्या गोळ्या

कापडे, ता. पोलादपूर
१२ नोव्हेंबर १९८३

दादा,

जयभीम. हाडं झिजतात तेव्हा ती जातात कुठे? आईने परवा विचारलं. "पायताण झिजलं तर त्याची धूळ तरी रस्त्यावर पडते," ती म्हणाली, "माझी हाडं कुठं पडली गो?" मी म्हटलं, पुस्तकात बघून सांगते. आपल्या घरात असं पुस्तक नाही, हे तिलाही माहीत आहे.

मे महिन्यापासून तू एक ओळ लिहिलेली नाहीस. मीही नाही. तू आणलेलं स्थळ मी चार माणसांदेखत नाकारलं याचा तुला राग, आणि माझा बी.ए.चा निकालही लागला नसताना तू न विचारता माणसं घेऊन आलास याचा मला. आज ते बाजूला ठेवते. हे आईविषयी आहे.

मागच्या महिन्यात झोडणी चालू होती. आईने खळ्यावर भाताचा भारा उचलला आणि ती जागच्या जागी बसली. पाठीत काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, असं ती म्हणते. शेजारची ठकूबाई दोन हातांवर होती, तिनेही ऐकला. आठ दिवस तेल चोळलं, शेक दिला. शेवटी मी तिला महाडला डॉ. देवस्थळींकडे नेलं. त्यांनी फोटो काढला. एक मणका दबून चपटा झाला आहे. डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरला, तेव्हा बाकीची हाडंही दिसली. जुन्या लुगड्यातून उजेड यावा तशी विरळ.

मग त्यांनी विचारलं, "औषध कुठलं चालू आहे?" आईने कमरेची पिशवी सोडून डबी पुढे केली. "चंदूच्या गोळ्या," ती म्हणाली. डॉक्टरांना वाटलं हे औषधाचं नाव आहे.

दादा, दम्यासाठी तू मुंबईहून चार वर्षं पाठवतोस त्या गोळ्यांनीच तिची हाडं पोखरली. दमा थांबला हे खरं, पण आतून हाड गेलं. तिचा चेहरा गोल झाला तेव्हा वाडी म्हणायची, जानकीने लेकाच्या गोळ्यांनी बाळसं धरलं. ते बाळसं नव्हतं, सूज होती.

आता त्या बंद केल्या आहेत. गुरुवारपासून एकही दिलेली नाही. दम्याला दुसरी गोळी आहे, हाडांसाठी कॅल्शियम आणि जीवनसत्त्वाचं औषध आहे. चिठ्ठी इंग्रजीत आहे, पण मी कोश घेऊन नीट वाचली. वाडीतले सगळे कागद हल्ली माझ्याकडेच येतात. कुशाबांचे पलटणीतले जुने कागदही मीच वाचून लावून दिले.

आई रुसली आहे. म्हणते, "डबी आली की कळायचं त्यो बरा हाय. आता कशानं कळायचं?" तेव्हा महादूकाकांच्या एस.टी.तून गोळ्या पाठवू नकोस, पण त्यांच्याजवळ निरोप तरी दे. कंडक्टर माणूस, निरोप पोचवण्याचं तिकीट काढत नाहीत.

रागावलेली,
ललिता


महाड
१७ नोव्हेंबर १९८३

दादा,

आई जिवंत आहे. हे आधी लिहिते, कारण महादूकाकांनी तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही.

डॉ. देवस्थळींच्या दवाखान्यात चार खाटा आहेत, त्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवर ती झोपली आहे. मी बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल.

रविवारी तिला भाताचा वास नको झाला. सोमवारी उलट्या. पोटात कळ येते म्हणाली. मला वाटलं, बाधलं काहीतरी. मी लिंबाचं सरबत दिलं. मंगळवारी सकाळी ती उठायला गेली आणि भिंतीला धरून खाली घसरली. हात गार, अंगाला घाम, बोललेलं कळत होतं पण उत्तर द्यायला तिला फार वेळ लागत होता. ठकूबाई ओरडली, "अगो, हिचे डोळे बघ!" कुशाबांनी आणि महादूकाकांनी तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं. दगडाच्या ट्रकमधून आम्ही महाडला आलो. प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची, आणि मग कण्हणंही थांबलं.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि दुसऱ्यांदा पाहिला. मग मला एकच विचारलं. "त्या गोळ्या किती केल्यास?"

मी म्हटलं, "बंद."

त्यांनी लगेच शिरेत इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. आज सकाळी तिने चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून नावं ठेवली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, या गोळ्या चार वर्षं बाहेरून मिळाल्या की शरीर तसलं द्रव्य स्वतः बनवायचं सोडून देतं. मग गोळी एकाएकी थांबली तर अंगात काहीच उरत नाही. "चार वर्षं कडेवर घेतलेलं मूल," ते म्हणाले, "रस्त्यात एकदम खाली ठेवून पळायचं नसतं. आधी बोट द्यायचं." ते आता असं सांगतात. आधी मला इतकं काही बोलले नव्हते. पहिल्या भेटीच्या दिवशी घाटात ट्रक उलटून जखमी आले होते, त्यांची गडबड चालली होती. त्यांनी चिठ्ठी हातात दिली आणि म्हणाले, "सगळं लिहिलंय. तू शिकलेली आहेस, वाच."

काल त्यांनी ती चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, घरी राहिली.

तू ये. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

ललिता


कापडे
५ डिसेंबर १९८३

दादा,

तू आलास, दोन दिवस राहिलास आणि माझ्याशी खरंच बोलला नाहीस. मी तांब्या घेऊन समोर उभी, आणि तू आईला म्हणतोस, "हिला सांग, पानी दे." आईला त्या दुखण्यातही हसू आलं. "ही बहिरी नाय रे," म्हणाली.

डॉक्टरांशी मात्र तू बोललास. दवाखान्यातली माणसं उठून उभी राहिली. "माझी आई म्हंजे उंदीर वाटली काय तुम्हाला? आज चालू, उद्या बंद?" त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी बंद करा असं लिहिलं नव्हतं. चिठ्ठी आणा." तेव्हा तू माझ्याकडे वळलास. तेवढा एकदाच. मी म्हटलं, "धावपळीत हरवली."

कुशाबा शेजारी होते. "चिठ्ठी हरवली न् डाक्टर सुटला," ते म्हणाले. परतताना गाडीत पुन्हा तेच. "आपल्या मानसाला कोण बसवून नीट सांगतंय? साठ वर्सं बघतोय मी." कुशाबा खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लहानपणी औषधाची बाटली त्यांना हातात मिळायची नाही, पायरीवर ठेवलेली उचलावी लागायची. ते त्यांनी मला किती वेळा सांगितलं आहे. गाडीतले सगळे माना हलवत होते, मीही हलवली. डॉ. देवस्थळींनी आईची नाडी अर्धा तास हातात धरली होती, हे मी तिथे बोलले नाही.

तू गेल्यानंतरची हकीकत अशी.

डॉक्टरांनी आता मराठीत कागद लिहून दिला आहे. तीनच्या जागी अडीच गोळ्या, पंधरा दिवस. मग दोन. मग दीड. असं करत पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मध्ये ताप आला, उलटी झाली तर गोळी चुकवायची नाही, उलट लगेच त्यांना दाखवायचं. दम लागला तरी मनाने वाढवायची नाही. सोबत कॅल्शियम, सकाळच्या उन्हात थोडं चालणं, आणि हंडा-भारा आयुष्यात पुन्हा उचलायचा नाही. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्यासारखं. कंपाउंडर हसत होता.

आणि आई घेत नाही.

"त्याच्या हातची गोळी मला नको," ती म्हणते. "एकदा मरता मरता वाचले. परत कशाला?" मी म्हटलं, अगं गोळी तीच आहे, फक्त अर्धी कमी. "तीच हाय तर चंदूची काय वाईट?" असं म्हणून तू ठेवून गेलास त्या डबीतल्या तीन गोळ्या माझ्यादेखत टाकल्या तोंडात.

तू नवी डबी देऊन गेलास हे मला तू गेल्यावर कळलं.

दादा, मी तुला भांडायला लिहीत नाही. तू तिला एक कार्ड टाक. दोन ओळी. डॉक्टर सांगतात तसं कर, एवढंच. माझं ती ऐकत नाही, कारण मी त्या डॉक्टरची बाजू घेते असं तिला वाटतं. तुझं ऐकेल.

चिठ्ठी अजून सापडलेली नाही.

ललिता


कापडे
२४ डिसेंबर १९८३

दादा,

तुझं कार्ड आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून तू माझ्याविरुद्ध लिहिलेलं कार्ड मलाच वाचावं लागलं. अंगणात, ठकूबाई आणि कुशाबांसमोर. "आई, तू माझ्याच गोळ्या घे. त्या डॉक्टरच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नको. त्याच्यावर अर्ज केला आहे, तुझा अंगठा घेतला तो त्याचाच. आमच्या गोदीतली माणसं माझ्या पाठीशी आहेत. त्याचा दवाखाना बंद करून दाखवतो." मी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. करता आला असता.

आता पुढचं ऐक. मंगळवारी आईला खोकल्याची उबळ आली आणि खोकता खोकता तिची बरगडी मोडली. पडली नाही, काही उचललं नाही. नुसती खोकली.

तिला हलवता येईना, तेव्हा मी एकटी महाडला गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. ते स्कूटरवरून इथवर आले. शेवटचा चढ स्कूटर ढकलत. ठकूबाई ओसरीवर बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "आले बघा, ऱ्हायलेलं काम पुरं करायला." त्यांनी ऐकलं. पायातल्या चपला काढून ते आत आले. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. छातीला हातही लावू दिला नाही.

बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "किती घेतात?"

"पाच. दुखलं की आणखी एक."

ते म्हणाले, "असंच चाललं तर अजून एखादा मणका जाईल. मग खुबा. खुबा मोडला की या बाई पुन्हा उठायच्या नाहीत. ललिता, मी तुला घाबरवत नाही." त्यांनी घाबरवलं असतं तर बरं वाटलं असतं.

जाता जाता त्यांची नजर ठकूबाईच्या तोंडाकडे गेली आणि ते थांबले. मलाही तेव्हाच दिसलं. तिचाही चेहरा तसाच गोल, गाल तसेच लाल. "तुम्हीही घेता का त्या गोळ्या?"

"गुडघ्याला दोन," ठकूबाई म्हणाली. "जानकीच देते. वरीस झालं. काय गुन हाय! कालपरवापर्यंत मी डोंगर चढत होते."

"एकदम थांबवू नका. आणि अशा घेतही राहू नका. माझ्याकडे या, मी हळूहळू कमी करून देतो."

ठकूबाई पदर तोंडाला लावून हसली. "जानकीला म्हणालात बंद कर. मला म्हणता बंद करू नको. एक कायतरी ठरवा, डाक्टर."

अंगणातले सगळे हसले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

सहा जानेवारीला तुझ्या अर्जाची चौकशी आहे. आरोग्य खात्याचे साहेब पोलादपूरला येणार आहेत. कुशाबा वाडीच्या सह्या गोळा करताहेत आणि तो कागद स्वच्छ अक्षरात लिहायला माझ्याकडे आणला आहे. तो माझ्यासमोर पडला आहे.

तू फार न्यायाच्या गोष्टी करतोस म्हणून एक सांगते. मुंबईच्या इस्पितळाचा जुना कागद आईच्या ट्रंकेत आहे, १९७९ चा. डॉ. देवस्थळींनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. त्यावर त्या गोळ्यांपुढे 'दहा दिवस' असं लिहिलं आहे. दहा दिवस, दादा. तू चाळीखालच्या दुकानदाराकडून तीच गोळी चार वर्षं घेत राहिलास. कागद कोणी नीट वाचला नाही, हे आधी स्वतःला विचार.

ही शेवटची ओळ खोडावी असं वाटतं आहे. खोडत नाही. पण ती मी कोणत्या तोंडाने लिहिली ते मलाच ठाऊक.

ललिता


कापडे
७ जानेवारी १९८४

दादा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. आणि गोदीतल्या मित्रांसमोर तर नकोच.

चिठ्ठी हरवली नव्हती. ती कालपर्यंत माझ्या इंग्रजी-मराठी कोशात होती. महाडला डॉक्टरांनी मागितली तेव्हा तर माझ्या पिशवीतच होती.

त्या दिवशी दवाखान्यात जखमी माणसं होती, रक्त होतं, हे खरं. डॉक्टरांनी घाईने चिठ्ठी दिली हेही खरं. पण त्यांनी विचारलं होतं, "कळलं ना?" आणि मी म्हटलं, "हो." त्या गोळ्यांच्या नावापुढे दोन शब्द होते. 'टेपर ऑफ.' दुसरा मला येत होता. पहिला येत नव्हता. रांगेत माझ्या मागे कॉलेजातली एक मुलगी उभी होती, आणि कंपाउंडर माझ्या तोंडाकडे बघत होता. मला विचारता आलं नाही. आपल्या वाडीतली पहिली ग्रॅज्युएट, आणि तिला चिठ्ठी येत नाही, हे मला त्यांच्या तोंडावर बघायचं नव्हतं. खरं कारण एवढंच.

घरी येऊन कोश उघडला. 'टेपर' म्हणजे बारीक मेणबत्ती. खाली दुसरा अर्थ होता, निमुळते होत जाणे. गोळी निमुळती कशी होईल? मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटलं, इंग्रजीत हा वाक्प्रचार असणार. मेणबत्ती विझवा. म्हणजे बंद करा. कॉलेजात आम्हाला असले कितीतरी वाक्प्रचार पाठ करायला लावायचे. मला तर आपण अर्थ बरोबर लावला याचा आनंद झाला. मी आईसमोर तो आनंदाने सांगितला. "विझवा म्हंजे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अजिबात नाही घ्यायच्या."

तिची मेणबत्ती मी जवळजवळ विझवलीच.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी, ती खुर्चीतून ट्रकमध्ये चढवली जात होती तेव्हाच मला खरा अर्थ कळला. बारीक बारीक होत जाणे. मी तो कोणाला सांगितला नाही. डॉक्टरांनी सांगून गोळ्या बंद केल्या असं मी त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात अशा रीतीने लिहिलं की खोटंही ठरू नये आणि खरंही कळू नये. ती पत्रं तुझ्याकडे असतील तर पुन्हा वाचून पाहा. कुशाबा म्हणाले, आपल्या माणसाला नीट सांगत नाहीत, तेव्हा मी मान हलवली. त्यांच्या साठ वर्षांच्या खऱ्या दुखण्याच्या आड मी माझी चूक लपवली. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते. पुढे कधी खरंच एखादा डॉक्टर आपल्या माणसाशी तसं वागला आणि कुशाबा बोलले, तर लोक म्हणतील, मागे देवस्थळींवरही असंच बोलला होतात.

एवढी लाज वाटूनही मी गप्पच राहिले असते. पण डॉक्टरांनी खुब्याचं सांगितलं. आई त्यांच्या गोळ्या घेत नाही, कारण त्यांनी तिला मारायला घेतलं असं तिला वाटतं. तिला तसं वाटतं, कारण मी गप्प आहे. ठकूबाई त्यांच्याकडे जात नाही, कारण मी गप्प आहे. म्हणजे ती बरगडीही मीच मोडली. कशीही मांडणी केली तरी हिशोब तिथेच येतो.

एक तारखेला सकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती उन्हात बसली होती.

"म्हंजे डाक्टर नाय, तू?"

"मी."

"त्याच्या कागदावर नीट लिवलं होतं?"

"होय."

ती अंगणाकडे बघत म्हणाली, "आन् मी त्याला छातीला हात लावू दिला नाय. चपला काढून आलता बिचारा."

मला वाटलं, आता मारेल. तिने माझा हात धरला आणि आवाज उतरवला. "आता ऐक. हे तुझ्या-माझ्यात ऱ्हाऊ दे. मी त्याच्या गोळ्या घेते, आजपासून घेते. ठकूलाबी मी बघते. पन चंदूला बोलू नको. त्यो तुला या घरात ठेवायचा नाय. कुशाबानं शाळेतल्या जागेसाठी तुझं नाव टाकलंय, त्ये काढून घेईल. डाक्टराचं काय जातंय? त्याला दवाखाना हाय. तुला काय हाय?"

"आणि त्याचा दवाखाना बंद पाडला तर?"

"पडतोय कशाला बंद! चार दिवस बोलतील न् इसरतील."

त्या दिवशी ती अडीच गोळ्यांवर आली नाही. पाचावरून थेट खाली आणायची नाही, एवढं मला आता कळतं. मी महाडला जाऊन विचारून आले. डॉक्टरांनी नवा कागद दिला, साडेचारपासून. तो मी रोज आधी पूर्ण वाचते, मग गोळी देते. आई म्हणते, "वाच. मला येत नाय म्हनून गाळू नको काय." तुझ्या डबीतल्या उरलेल्या गोळ्या तिने स्वतः डॉक्टरांकडे पाठवल्या. पण त्या दिवशीही मी डॉक्टरांना खरं सांगितलं नाही. आईने हात धरून सांगितलं होतं, आणि मला ते ऐकायचंच होतं. पाच दिवस मी तिचं ऐकलं.

काल पोलादपूरला चौकशी झाली. कुशाबा, ठकूबाई, महादूकाका, वाडीतली वीसेक माणसं होती. डॉक्टर एका बाजूला एकटे बसले होते. साहेबांनी तुझा अर्ज वाचून दाखवला. 'अशिक्षित वृद्धेला चुकीचा सल्ला देऊन तिचा जीव धोक्यात घातला.' मग विचारलं, "त्या बाईंना चिठ्ठी कोणी वाचून दाखवली?"

कुशाबा अभिमानाने म्हणाले, "ही आमची ललिता. बी.ए. हाय."

मी उठले आणि चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी ते दोन शब्द मोठ्याने वाचले. "याचा अर्थ?"

"हळूहळू कमी करत बंद करणे," मी म्हटलं. "त्या दिवशी मला येत नव्हता. येतो असं मी सांगितलं. डॉक्टरांचं चुकलेलं नाही."

मागून ठकूबाईचा आवाज आला, "अगो बाय, म्हंजे एवढे दिवस आमी…" आणि ती थांबली. कुशाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते बाहेर निघून गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आज सकाळी त्यांच्या घरी गेले तर आतून निरोप आला, झोपलेत म्हणून. कुशाबा सकाळी कधी झोपत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "साहेब, मीही तिला बसवून सांगायला हवं होतं. हे माझ्या नावावर लिहा." ते खरं आहे, आणि ते त्यांचं त्यांनी म्हटलं. मी त्याच्या आड उभी राहिले नाही. मी म्हटलं, "त्यांनी 'कळलं ना' विचारलं होतं. तेही लिहा." ठकूबाई मात्र चौकशी संपल्यावर डॉक्टरांच्या मागे मागे गेली आणि रस्त्यातच गुडघा दाखवू लागली.

तुला ही बातमी महादूकाकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून आजच टपालात टाकते. गोदीतल्या माणसांसमोर तुला खाली बघावं लागेल, ते माझ्यामुळे. त्या दहा दिवसांच्या कागदाचं मी चौकशीत नाव काढलं नाही. तू तो प्रेमाने वाचलास आणि मी माझी चिठ्ठी ऐटीत वाचली, एवढाच फरक, असं मला वाटतं. तू मला घरात ठेवायचं नाही म्हणालास तर मी भांडणार नाही, फक्त आईचा गोळ्यांचा कागद संपेपर्यंत, पावसाळ्यापर्यंत, मला इथून हलवू नकोस.

काल चौकशी आटोपताना साहेबांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तरुण आहात, नोकरीच्या शोधात आहात. तोंडी सांगितलंत तेवढं मी समजून घेऊ शकतो. लेखी दिलंत तर कायमचं दफ्तरात राहील. विचार करा."

मी त्यांचंच पेन मागून घेतलं. चिठ्ठी बरोबर होती, ती मी चुकीची वाचली, ती माझ्याजवळ असताना हरवली असं सांगितलं, हे तीन वाक्यांत लिहिलं. खाली पूर्ण नाव, गाव आणि तारीख घालून सही केली.

ललिता